वाकड्या दांड्यांची फुलं

"घरात पाणी प्यायला एक भांडं शिल्लक नाही, आणि ही म्हणते धंदा करते!"

सासूचा आवाज सकाळी सकाळी तिसऱ्या गल्लीपर्यंत पोचला. म्हातारी अंधाऱ्या न्हाणीघरात तोंड धुवायला गेली होती. सवयीनं बादलीत हात घातला, तर पाण्याच्या जागी गुलाबाचे काटे हाताला लागले. ती बोट चोखत बाहेर आली तेव्हा सून मागच्या पडवीत फतकल मारून बसली होती. तिच्याभोवती घरातली यच्चयावत भांडी मांडलेली. मोठं पातेलं, दुधाची किटली, कळशी, रंगाचे रिकामे डबे, इतकंच काय, सासऱ्यांचा दाढीचा मगसुद्धा. आणि सगळ्यांतून फुलं माना वर काढून बघत होती.

"आई, तासाभरात मोकळी करते भांडी," सून म्हणाली.

"तासाभरात माझा जीव जाईल तहानेनं! आणि ही असली वाकडीतिकडी फुलं कोण घेणार आहे? जनावरांचा चारा तो. म्हशीनं खायचं ते तू घरात मांडून बसलीस."

"म्हशीला गुलाब कळत नाही, म्हणून तर माझ्यापर्यंत आला," सून म्हणाली आणि तिनं हातातला दांडा तिरका छाटून पाण्यात सोडला.

गावात तिला सगळे गवंडीण म्हणायचे, कारण नवरा गवंडी. पण हात तिचा विटेचा नव्हता, फुलांचा होता. कालव्याच्या पलीकडे एका बागवाल्याची जाळीची शेड होती. तिथं अकरा वर्षं तिनं फुलं तोडली, निवडली, जुड्या बांधल्या. कुठली कळी आज तोडायची न्‌ कुठली उद्या, कुठल्या फुलाला किती खोल पाणी लागतं, पाण्यात बुडणारी पानं का काढायची, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मग एका उन्हाळ्यात अशी वावटळ आली, की तिनं शेड उचलून ओढ्यात नेऊन टाकली. बागवाल्यानं जमीन विकली आणि लेकाकडे निघून गेला. गवंडीण नवऱ्याच्या हाताखाली माल कालवायला जाऊ लागली. डोक्यावर घमेलं, पायात सिमेंट, आणि बोटांना भेगा. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडतात तशा.

एके दिवशी ती कामावरून परतत होती. रस्त्याकडेला फुलांचा माल गोळा करणाऱ्यांची गाडी उभी होती. शेतकरी फुलांच्या जुड्या देत होते आणि व्यापारी त्यातली वाकड्या दांड्याची फुलं उपसून बाजूला फेकत होता. बाजूला दोन म्हशी उभ्याच होत्या. गवंडीण थांबली.

"ही कुठं टाकता?"

"टाकतो कुठं, ह्या बघा, उभ्या आहेत गिऱ्हाईक."

"मला द्या."

"काय करणार? दांडा सरळ नाही, जुडीत बसत नाही."

"जुडीत नसेल बसत," ती म्हणाली. "टोपलीत बसेल."

आणि बसलंच. सरळ दांड्याचं फूल टोपलीत शाळेतल्या पोरासारखं ताठ उभं राहतं. वाकड्या दांड्याचं फूल मान कलती करून बघतं. त्याच्या बाजूला तिनं बांधावरच्या गवताचे पांढरे तुरे खोचले, ओढ्याकाठचा नेचा लावला, वाळलेल्या शेंगा लावल्या. हे सगळं रान फुकट देत होतं. टोपल्या बुरुडाकडच्या, त्याही फुटक्या, आत पाण्याला रंगाचा रिकामा डबा. एका बाजूची कामटी तुटलेली असली की ती बाजू ती गवतानं झाकायची. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या, फीत म्हणून शिंप्याकडच्या चिंध्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तिनं तर अंथरुणाच्या चिंध्याही वाया जाऊ दिल्या नाहीत.

नवरा तेव्हा चांगला होता. म्हणजे तो वाईट कधीच नव्हता, हीच तर पुढं पंचाईत झाली. तिनं त्याला सांगितलं, "बागवाल्याकडे एक हौद होता, दुहेरी भिंतीचा. दोन भिंतींच्या मधे वाळू. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, की आत भर उन्हात गारवा राहतो. वीज नको, काही नको." त्यानं ऐकून घेतलं, कामावरच्या उरलेल्या विटा आणल्या आणि परसात चार दिवसांत हौद बांधून दिला. त्याच्या बांधकामाची एक खूण होती. कोपऱ्यावर दर चौथ्या थराला तो एक अर्धी वीट उभी लावायचा. त्याच्या उस्तादानं शिकवलेलं, त्याला काही कारण नव्हतं. पण गावातली कुठलीही भिंत बघून पोर सांगायचं, ही आपल्या गवंड्याची. हौद झाला त्या दुपारी त्यानं तिचा हात धरून आत घातला. "बघ, थंडी वाजते का?" तिला खरंच हसू आलं होतं.

आणि नणंद.

नणंद दिलेली फाट्यावर, तीन मैलांवर. तिथं एसट्या थांबायच्या, दुकानं होती, आणि एक मोठा लग्नाचा हॉल होता. नणंदेचा नवरा टेम्पो चालवायचा. ती माहेरी आली, पडवीतल्या टोपल्या बघितल्या आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, हे तुम्ही केलंत?"

"मग काय म्हशीनं केलं?"

"अहो, हॉलवाले असल्या टोपल्या शहरातून मागवतात! येईपर्यंत निम्मी फुलं माना टाकतात." तिनं फोन काढला आणि पटापट फोटो घेतले. "तुम्हाला लिहावाचायला फारसं येत नाही, बोलायला लाजता. हात तुमचा, तोंड माझं. जमेल?"

जमलं. दीड वर्ष असं जमलं, की गवंडिणीला वाटलं, घमेलं डोक्यावरून कायमचं उतरलं. मागणी नणंदेच्या फोनवर यायची, नणंदेचा नवरा पहाटे टेम्पो घेऊन दारात यायचा, "वहिनी, भरा!" म्हणायचा. कधी लग्न, कधी दुकानाचं उद्घाटन, कधी कुणाच्या मयताला पांढऱ्या फुलांचं साधं चक्र. गिऱ्हाईक तिनं कधी बघितलं नाही आणि गिऱ्हाइकानं तिला. त्याचं तिला काही वाटायचं नाही. मध्ये तर नणंद पंधरा दिवस येऊन राहिली. दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. गवंडिणीनं तिला एकेक दाखवलं. दांडा कसा तिरका कापायचा, गवताचा तुरा मधे न लावता कडेला झुकता का लावायचा, टोपलीची फुटकी बाजू पुढं का घ्यायची.

"पुढं का? लोक तर खोट लपवतात," नणंदेनं विचारलं.

"लपवली की लोक शोधतात, वन्सं. पुढं घेतली की त्यांना वाटतं मुद्दाम केलंय."

नणंद किती हसली होती तेव्हा.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी काम कमी व्हायला लागलं. आधी आठवड्यात दोन टोपल्या कमी झाल्या, मग चार. टेम्पो रोजचा एक दिवसाआड झाला.

"मंदी आहे, वहिनी," नणंद फोनवर म्हणाली. "लग्नंच कमी आहेत यंदा."

लग्नं तर कमी दिसत नव्हती. रोज फाट्याच्या बाजूनं बँडचा आवाज वाऱ्यावर येत होता. पण गवंडिणीनं तिकडे कान दिला नाही. माणसावर विश्वास असला की कानही त्याचंच ऐकतात. तिला वाटलं, आपल्याच हाताला काहीतरी झालंय. लोकांना कंटाळा आला असेल. तिनं टोपल्यांची मांडणी बदलून बघितली. लांब ओढ्यापर्यंत जाऊन नवी पानं आणली. शिंप्याकडून चांगल्या चिंध्या निवडून आणल्या. तरी हौदात फुलं तशीच राहायची, आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतः उचलून उकिरड्यावर टाकायची. ज्या दिवशी दोन घमेली फुलं टाकली, त्या दिवशी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्या हातातलं गेलं बहुतेक."

नवरा ताटातलं चिवडत राहिला. "असं होतं धंद्यात," एवढंच म्हणाला.

सासूनंही त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. उलट म्हणाली, "खा गं, खा. जिवाला लावून घेऊ नको." गवंडिणीला भरून आलं. म्हातारी अखेर मायेनं बोलली म्हणायची.

मग शाळेतल्या मास्तरीणबाई निवृत्त झाल्या. अख्खा गाव कार्यक्रमाला गेला, गवंडीणही गेली. पटांगणात मांडव, पुढं टेबल, टेबलावर टोपली. तिनं लांबून बघितली आणि मनात हरखली. तुरा कडेला झुकता, फुटकी बाजू पुढं, वाकड्या दांड्याचे गुलाब. तिला वाटलं, अगं, ही तर माझी! पण मग लगेच वाटलं, ही मी कधी केली?

ती पुढं गेली. जवळून बघितल्यावर तिला कळलं. आतल्या डब्यात पाण्यात बुडालेली पानं तशीच होती, त्यांना बुळबुळ सुटली होती. दांडे आडवे, सरळ कापलेले. ते पाणी पीत नव्हते. गुलाब आत्ता ठीक दिसत होते, पण कार्यक्रम संपेपर्यंत टिकणार नव्हते.

"ही कुठून आणली?" तिनं शिपायाला विचारलं.

"फाट्यावरनं. तुमच्या नणंदेच्या दुकानातनं." शिपाई तिच्याकडे बघायला लागला. "म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक नाही? तीन महिने झाले की दुकान टाकून."

आजूबाजूच्या दोन-चार बायांनी मान वळवली. गवंडीण कशीबशी हसली. "ठाऊक आहे की. ही तिथलीच ना, एवढंच विचारत होते." अब्रू नणंदेची नव्हती वाचवायची, स्वतःची होती. घरच्यांनी आपल्याला फसवलं हे चारचौघांत कळण्यापेक्षा आपण बावळट नाही हे दाखवणं बरं वाटलं तिला. कार्यक्रमभर ती टोपलीकडेच बघत बसली. भाषणं संपायच्या आत दोन गुलाबांनी माना टाकल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती फाट्यावर उतरली. नणंदेच्या घराची पुढची खोली आता दुकान झाली होती. वर पाटी, पाटीवर रंगीत फोटो. फोटोतली टोपली तिची होती, तिच्या पडवीतली, मागं तिच्याच घराची चुन्याची भिंत दिसत होती. पाटीवर काय लिहिलंय ते तिला पुरतं वाचता आलं नाही. पण आपलं घर ओळखायला अक्षर लागत नाही.

दुकानात कुणी नव्हतं. मागून पाणी ओतल्याचा आवाज आला म्हणून ती बोळातून परसात गेली.

परसात हौद होता. दुहेरी भिंतीचा, तिच्या हौदाच्या दुप्पट. नवीकोरी वीट, नीट घोटलेले सांधे. तिची नजर कोपऱ्यावर गेली. खालून चौथा थर. अर्धी वीट, उभी. आठवा थर. अर्धी वीट, उभी.

नणंदेनं केलं ते तिनं रात्रभर मनात घोळवलं होतं. तिला जाब कसा विचारायचा, ती काय म्हणेल, आपण काय म्हणायचं, सगळं ठरवून आली होती. पण ह्या भिंतीला काय विचारायचं ते तिनं ठरवलं नव्हतं.

"वहिनी?" नणंद हातात पाण्याचा पाईप घेऊन उभी होती. चेहरा पांढरा पडला तिचा, पण क्षणभरच. "या, बसा. चहा टाकते."

"हे यांनी कधी बांधलं?"

"दादानं? मागं... शहराकडे काम होतं ना त्याचं, आठ दिवस..."

"शहराकडे." गवंडिणीनं मान हलवली. ते आठ दिवस तिनं रोज डबा भरून दिला होता. तीन मैलांवर बसून तो माणूस तिच्याच हातचं जेवला आणि ही भिंत बांधत राहिला.

"वन्सं, मंदी आहे म्हणालात."

नणंदेनं पाईप खाली टाकला. पाणी जमिनीवर वाहायला लागलं, दोघींच्याही पायाखाली चिखल झाला. "मग काय म्हणणार होते? तुम्ही घरात सावलीत बसून करायच्या, आणि मी? मी हॉलच्या दारात तास तास उभी राहायचे. मॅनेजरचं ऐकून घ्यायचं मी, उशीर झाला की शिव्या खायच्या मी. फूल सुकलं तर माझं तोंड काळं. लोक म्हणायचे, तुम्ही नुसत्या मधल्या. नुसत्या मधल्या! माझंही स्वतःचं काही असावं असं मला वाटू नये?"

"वाटावं की. मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर दिलं असतंत?"

गवंडिणीनं विचार केला. खरं सांगायचं तर तिलाही ठाऊक नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण विचारलं असतंत तर निदान नाही म्हणायचं माझ्या हातात राहिलं असतं. हात माझा, तोंड तुमचं असं ठरलं होतं. तुम्ही केसानं गळा कापलात, वन्सं."

"मी काही तुमचा हात तोडून नेला नाही!"

"नाही. म्हणून तर ते गुलाब काल माना टाकत होते." एवढं बोलून ती वळली. जाताना तिचा हात आपोआप हौदाच्या झाकणाकडे गेला होता, आत किती गारवा आहे बघायला. तिनं तो मागं घेतला.

घरी आली तर नवरा ओसरीवर बसलेला. निरोप आधीच पोचला होता. फोन नावाच्या वस्तूला पाय नसतात, तरी ती एसटीच्या आधी पोचते.

"हे बघ," तोच आधी बोलला. "बहीण आहे माझी. दारात येऊन रडली. नाही कसं म्हणू?"

"मला सांगितलं असतं तर?"

"तू चिडली असतीस."

"चिडले असते. मग?"

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "चहाच्या टपरीवर मला काय म्हणतात ठाऊक आहे? फुलवालीचा नवरा. वीस वर्षं मी ह्या गावात भिंती बांधल्या, आणि मी फुलवालीचा नवरा! मला वाटलं, जरा कमी झालं तर तू परत कामावर येशील. हाताखाली माणूस मिळत नाही मला."

म्हणजे हे. तिला वाटलं होतं बहिणीच्या मायेपोटी केलं. मायेपोटी केलं असतं तर तिनं एक वेळ गिळलंही असतं. पण त्याला ती पुन्हा घमेल्याखाली हवी होती. आणि ज्या दिवशी ती म्हणाली, माझ्या हातातलं गेलं, त्या दिवशी त्याला ठाऊक होतं की गेलेलं नाही. त्यानं तिला तसं वाटू दिलं.

तिनं सासूकडे बघितलं. म्हातारी दारातून आत सरकत होती.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी कोण गं मधे बोलणारी? लेकही माझीच, सूनही माझीच."

"खा गं खा, जिवाला लावून घेऊ नको, म्हणालात."

कुंपणानंच शेत खाल्लं की राखणदारानं कुणाकडे बघायचं? तीन महिने हे घर रोज एका ओळीत बसून जेवलं. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त जिच्या हातचं खात होते तिला नव्हतं.

ती माहेरी जाईल असं नवऱ्याला वाटलं. गेली नाही. भांडी आपटेल असं सासूला वाटलं. आपटली नाहीत. तिनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः पडवीत जाऊन हौदाच्या वाळूवर पाणी मारत राहिली. वाळू गच्च भिजली, खालून पाणी वाहायला लागलं, तरी मारत राहिली. तेव्हा कुठं तिला रडू आलं.

दोन दिवसांनी ती थेट हॉलवर गेली. मॅनेजर टेबलामागं बसून काहीतरी लिहीत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "काय काम?"

"टोपल्या मी बनवते. तुमच्याकडं दीड वर्ष यायच्या त्या."

आता त्यानं वर बघितलं. "त्या तर फाट्यावरच्या बाई बनवतात. तुम्ही त्यांच्याकडं कामाला होता ना? सांगत होत्या त्या, वहिनी आहे गावाकडं, तिला काम देते म्हणून."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते तिला त्या घडीला कळलं. पण ती हलली नाही. "मला एक रिकामं खोकं द्या," म्हणाली. "आणि पाव तास."

हॉलच्या मागं कंपाउंडच्या भिंतीला लागून रान माजलं होतं. आदल्या दिवशीच्या लग्नातली फुलं कचऱ्यात पडली होती. त्यातली जिवंत असलेली तिनं निवडली, दांडे नळाखाली तिरके छाटले, भिंतीकडेचं गवत, पिवळी रानफुलं, एका वाळक्या झुडपाच्या फांद्या घेतल्या. कुणी बघतंय न बघतंय, तिला भान नव्हतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचे हात तिला आपले वाटले. खोकं मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं तेव्हा त्यानं लेखणी खाली ठेवली.

"अरे वा," तो म्हणाला. त्यानं खोकं फिरवून चारी बाजूंनी बघितलं. मग उसासा टाकून म्हणाला, "सुंदर आहे, बाई. खोटं कशाला बोलू. पण वर्षाचं काम त्यांना लिहून दिलंय गेल्या महिन्यात. माझे हात बांधलेत."

"बरं," ती म्हणाली. आयत्या बिळावर नागोबा बसला की बिळाला विचारून काय उपयोग.

ती फाटकापर्यंत आली तेव्हा मागून कुणीतरी हाक मारली. हॉलची झाडूवाली होती, काटकुळी, वयानं तिच्याएवढीच, हातात खराटा तसाच.

"अहो ताई, थांबा. तुम्ही कचऱ्यातनं ते केलंत, मी बघत होते." ती जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "माझ्या लेकीचं लग्न आहे पुढच्या आठवड्यात. इथं नाही, आमच्या घरापुढं, अंगणात. बारा वर्षं मी इथं लोकांच्या लग्नातली फुलं झाडते. लेकीच्या लग्नात एक तरी फूल असावं असं वाटतं. पण दुकानातलं मला झेपत नाही."

गवंडिणीनं तिच्याकडे बघितलं. "अंगणाला कुंपण आहे?"

"आहे. काटक्यांचं, मोडकं."

"मोडकं आहे ना? मग चालेल."

लग्नाच्या सकाळी ती उजाडताना झाडूवालीच्या अंगणात होती. नवऱ्यानं विचारलं होतं, "मी येऊ का डबे उचलायला?" ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. स्वतःच उचलून एसटीत चढवले. तिनं त्या मोडक्या कुंपणाच्या प्रत्येक भोकात गवताचे तुरे आणि वाकडे गुलाब असे ओवले, की कुंपणच बहरलं असं वाटावं. दारावर शेंगांची झालर सोडली. नवरीच्या हातात पांढऱ्या रानफुलांचा एक लहान झुबका दिला. झाडूवाली बाहेर आली, बघितलं, आणि खराटा धरून धरून कडक झालेल्या तिच्या तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

वऱ्हाडात फाट्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया होत्या. धुणंभांडी करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, भाजी विकणाऱ्या. आजवर त्यांनी फूल विकत घ्यायचा विचारही केला नव्हता.

"असलं आमच्याकडंही कराल का?" एकीनं विचारलं. "नातवाचा पहिला वाढदिवस आहे."

"घर कसलं आहे तुमचं?"

"पत्र्याचं."

"पत्र्यावर तर फार छान दिसेल," गवंडीण म्हणाली आणि ते ती खरंच म्हणत होती. जेवणं होईतो तिला आणखी तीन घरं मिळाली होती. झाडूवालीनं चौघींची नावं आणि घरांच्या खुणा तिच्याकडून तोंडपाठ करून घेतल्या.

दुपारी उन्हाचा नुसता भडका उडाला होता. रिकामे डबे एकात एक घालून डोक्यावर घेतले आणि ती फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिली. एसटीचा पत्ता नव्हता. डांबर पायाला चिकटत होतं. तेवढ्यात टेम्पो येऊन तिच्यापुढं थांबला. नणंदेचा नवरा. त्यानं मान खिडकीतून बाहेर काढली, पण नजर काही तिच्याकडे वळली नाही.

"बसा वहिनी. तुमच्या गावावरनंच जातोय. पुढं माल टाकायचाय."

दीड वर्ष ह्याच टेम्पोत ती कधीमधी पुढं बसून गेली होती. तिनं मागं बघितलं. टेम्पोच्या हौद्यात सहा टोपल्या होत्या, वर ताडपत्री नाही, काही नाही. कडेला झुकलेला तुरा, पुढं घेतलेली फुटकी बाजू. सगळी रीत तिची, आणि एकही टोपली तिची नव्हती. गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या.

"बसा ना," तो म्हणाला. "ऊन फार आहे."

"ऊन आहे खरं," ती म्हणाली. मग तिच्यानं राहवलं नाही. "भावोजी, पुढच्या नळावर थांबा आणि फुलांवर पाणी मारा. वरून गोणपाट भिजवून टाका. चाललीत ती."

"बरं. आणि तुम्ही?"

तिनं डोक्यावरचे डबे नीट केले, रस्त्याची उन्हानं तापलेली कड सोडून खालच्या मातीवर पाय ठेवला, आणि गावाच्या दिशेनं चालायला लागली.